उतारा

नेमगोंडा आप्पांनी पहिला गंधक दळला
तो हळदीच्या चक्कीत, कवलापूरच्या वाटेवर,
हंगाम संपल्यावर रात्रीपुरती भाड्यानं घेऊन.
पिवळ्यात पिवळं. कुणाला कळणार?
कळलं.
पुढच्या साली राजापुरी हळदीचं एक पोतं
वखारीतून परत आलं,
हळद लागताना कुणाची तरी नवरी
शिंकून शिंकून लाल झाली म्हणे.
आप्पांनी पोत्याचे पैसे भरले, आणि चक्की विकतच घेतली.
कंपनीचा इतिहास इथून धरायचा.

मी गणपती पेठेत खिळे जुळवणारा.
माझ्यापर्यंत त्यांचा फक्त कागद आला:
लेबलं, घडीपत्रकं, पावतीपुस्तकं.
प्रत्येकाची एक प्रत फायलीला लावायची माझी खोड.

पहिलं लेबल एका रंगात.
'द्राक्षावरील भुरीसाठी. वारा नसताना धुरळावे.'
आप्पा समोर बसून प्रूफ वाचत,
ऊन कललं की डबा उघडत, दिवे लागायच्या आत जेवून घेत,
पाणी गाळल्याशिवाय पीत नसत.
म्हणायचे, "मी बुरशी मारतो. बुरशीला डोळे नसतात.
किड्याचं काम आपल्याला नको."
जाताना मोरचुदाचा एखादा खडा
टेबलावर ठेवून जात. कागद उडू नयेत म्हणून.

अठ्ठ्याहत्तरला चक्की पेटली.
गंधक निळा जळतो, फार आवाज न करता.
माधवनगरहून माणसं आली,
नाकाला पदर, धोतराचा सोगा लावून बघत उभी राहिली.
आप्पा बस्तीतून अनवाणी आले.
विम्याच्या अर्जावर 'आगीचे कारण' या रकान्यात
त्यांनी एकच अक्षर लिहिलं: मी.
विमा मिळाला नाही.

मग शीतलशेठ. कुपवाडला मोठी शेड, पत्र्यावर नाव,
फुलकिडे, तुडतुडे, पिठ्या ढेकूण,
आणि लेबलावर लाल त्रिकोण.
'विष' हा शब्द मी छत्तीस पॉइंटात लावला.
फोन आला, प्रूफ वडिलांना दाखवू नका.
पण आप्पा गुरुवारी यायचेच, ते आले.
चष्मा पुसून त्या दोन अक्षरांकडे बघत राहिले.
"वेलांटी बरोबर आहे," म्हणाले,
"मात्रेचं ज्याचं त्यानं बघावं."
डबा तसाच परत नेला.

मणेराजुरीचे बागायतदार दुकानात मागायचे,
"ते लाल तिरकोनाचं औषध द्या."
औषध.
अख्ख्या तालुक्यात त्याला विष म्हणणारा मी एकटा,
तेही छपाईचे पैसे घेऊन.

एका मार्चमध्ये परदेशातल्या बंदरावरून
सगळी द्राक्षं मागं फिरली.
घडात उरलेला अंश, दहा लाखांत इतका भाग.
दशांशानंतर एवढी शून्यं,
माझ्या केसात तेवढे खिळे नव्हते.
काढणीआधी किती दिवस थांबावे,
ही ओळ शीतलशेठनी सहा पॉइंटात मागितली.
वर घडाचा फोटो हवा होता.

पुरात ट्रेडल चार दिवस बुडालं.
फाइल माळ्यावर होती;
पाणी तिच्या खालच्या कडेला शिवून गेलं, तेवढी तपकिरी रेघ.

परवा सुप्रभा आली, शीतलशेठची मुलगी.
पन्नास वर्षांचं पुस्तक काढायचंय म्हणाली.
ती जिवंत बुरशी पाकिटात भरते,
किड्यांवर सोडायला.
बुरशीच किडा मारते, काका, विषाचं कामच नाही.
मी मान हलवली.
आप्पा कुठल्या बाजूनं बोलले असते, याचा अजून विचार करतोय.

ती सावकाश पानं उलटत होती.
प्रत्येक लेबलाच्या तळाशी मी शेवटी लावायचो ती ओळ,
'उतारा : लक्षणांनुसार उपचार.'
सगळ्यात जुन्या लेबलावर बोट थांबलं.
तिथं 'उतारा', दोन टिंबं,
आणि पुढं कोरं.

"ही छपाईची चूक का?"

नाही गं.
जागा सोडून ठेवा म्हणाले होते.
सापडला की सांगतो.